अंडं न देणाऱ्या राजहंसाची चौकशी : नवशिक्यांसाठी

ज्यांच्या सांदवाडीत दोन राजहंस आहेत, घरात एकही अंडं नाही आणि गल्लीत सल्ले मात्र डझनावारी मिळतात, अशा राजुरा व पंचक्रोशीतल्या सज्जनांसाठी ही मार्गदर्शिका आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांचं दुःख वेगळं. कोंबडी अंडं देत नसेल तर ती खुडूक बसलेली असते, आजारी असते किंवा घरी पाव्हणे येऊन गेलेले असतात. हंस अंडं देत नाही तेव्हाही धडधाकट असतो, वेळेवर जेवतो, पोस्टमनच्या मागे धावतो आणि रात्री तीन वाजता अख्ख्या वार्डाला उठवतो. कामावर हजेरी पूर्ण, उत्पादन शून्य.

आधी तो आणला कशाला ते आठवा. बहुतेक घरांत उत्तर एकच : साप येऊ नये म्हणून. वर्धा नदीच्या या काठाला काळी माती, उंदीर, तणसाचे ढीग सगळं असल्यामुळे सापांची सोय उत्तम आहे, आणि हंस असला की साप फिरकत नाही ही समजूत गावोगाव पक्की आहे. हंस काहीही हललं की बोंब ठोकतो, इतकं खरं. नाग त्याला घाबरतो की नाही, हे नागाला विचारायला कोणी थांबलेलं नाही. पहारेकरी म्हणून मात्र हंसाचं नाव जगभर आहे. राजुरा तालुका चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला त्याच १९५९ साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला व्हिस्कीच्या गोदामांवर हंसांचा पहारा बसला आणि तो २०१२पर्यंत चालला. त्या त्रेपन्न वर्षांत त्यांना अंड्यांचा हिशेब मागितल्याचं ऐकिवात नाही. तुम्हीही मागितला नसता. पण एक दिवस फाटकाशी कोणीतरी थांबलं.

‘अंडे देते का जी?’

‘नाई.’

‘काऊन?’

त्या ‘काऊन’चं उत्तर शोधण्यासाठी लागणारं साहित्य : जुना शर्ट, गमबूट, एक वही आणि सकाळचे दोन तास. वही अंड्यांच्या नोंदीसाठी घेतलीत तर ती कोरी राहील. कोणी काय सल्ला दिला ते तिच्यात लिहा. पुढे करमणूक होते.

पायरी पहिली : पक्षी कोणता ते बघा

बदक आणि राजहंस यांत गल्लत होत नाही असं समजू नका. बदक चिखलात चोच घालून किडे-गांडुळं शोधतं आणि खाकी कॅम्पबेल जातीचं असेल तर वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देतं. राजहंस गवत खातो, मान ताठ ठेवून चालतो आणि वर्षाला पंचवीस-चाळीस अंडी देतो, तीही मनःस्थिती बरी असली तर. तुम्ही बदकाचा आकडा डोक्यात धरून हंस आणला असेल तर गणित इथेच चुकलं. पुढच्या पायऱ्या वाचून ते सुधारणार नाही.

आपल्याकडे परसात दिसतो तो बहुधा चिनी वळणाचा हंस, चोचीच्या मुळाशी कपाळावर टेंगूळ असलेला, पांढरा किंवा तपकिरी. हिवाळ्यात इरई धरणावर उतरणारे, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब वेगळे. ते हिमालय ओलांडून येतात, चार महिने इथलं खातात आणि अंडी घालायला परत तिबेट-मंगोलियाकडे जातात. त्यातला एखादा धरून आणलात तर तो अंडी का देत नाही हे विचारायला पशुवैद्याची गरज पडणार नाही. वन विभागाची गाडी आपणहून येईल.

पायरी दुसरी : ‘राणी’ खरंच राणी आहे का?

निम्म्या चौकश्या इथेच संपतात, म्हणून जरा तब्येतीत वाचा.

बाजारात हंस सुटा मिळत नाही, जोडी मिळते.

‘जोडी आहे ना जी?’

‘हाव बापा, जोडीच आहे. मोजून घ्या.’

मोजल्यावर दोन भरतात, पैसे दिले जातात. घरी एकाचं नाव राजा, दुसऱ्याचं राणी. मग वर्षभर राणीने अंडं का दिलं नाही याची चर्चा चालते. राणी नर असेल अशी शंका कोणाच्या तरी मनात येते, पण तो बोलत नाही, कारण नावं घरातल्या धाकट्या लेकीने ठेवलेली असतात आणि तिच्याशी वाद घालण्याची हिंमत कोणात नसते.

कोंबड्याला तुरा असतो, मोराला पिसारा. या हंसांत नर आणि मादी यांचा रंग एकच, चाल एकच, माजही एकच. शिवाय दोन नर एकत्र वाढले तर ते खुशाल जोडीने राहतात, एकमेकांमागे फिरतात, माना खाली-वर करून गुजगोष्टी करतात. असे संसार वर्षानुवर्षं सुखाने चालतात. बघणाऱ्याला वाटतं, इतकं प्रेम आहे तर अंडं का नाही?

खुणा अशा. चिनी जातीत नराचं टेंगूळ मोठं असतं आणि लवकर वाढतं. पण दोघंही नर असतील तर कोणाचं टेंगूळ मोठं हे मोजत बसण्यात अर्थ नाही. आवाज अधिक भरवशाचा : नराचा किनरा, मादीचा जाड आणि घोगरा. घरोघरी नेमकं उलट धरतात आणि भसाड्या आवाजाच्या मादीला वर्षभर ‘राजा’ म्हणून हाक मारतात. अंगावर कोण धावून येतं यावरून काही ठरवू नका. हंगाम आला की दोघंही येतात.

पक्का उपाय शेपटीखाली तपासण्याचा. तो माहितगाराकडून करून घ्या, कारण नवशिक्याने दाबून बघितलं तर पक्ष्याला इजा होते. धरून मात्र तुम्हालाच ठेवावं लागेल. पाय ओढू नका, एकच पंख पकडू नका. दोन्ही पंख अंगाशी दाबून हंसाला काखेत घ्या, डोकं तुमच्या पाठीकडे, शेपूट पुढे. चोच तोंडापासून लांब राहते. शेपटीकडून जे येईल ते शर्टावर येतं, पण ते निदान चावत नाही. शर्ट जुना सांगितला होता, ते यासाठी.

मादी आहे पण नर नाही, अशी स्थिती निघाली तर ‘आधी नर आणा, मग बघा’ हा सल्ला हमखास येतो. अंडं यायला नराची गरज नसते. नराशिवायच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, ऑम्लेट व्यवस्थित निघतं. सल्ला देणाऱ्याकडे विकायला नर आहे का, तेवढं वहीत टिपून ठेवा.

पायरी तिसरी : वय, महिना आणि दिव्याचा घोळ

मादी निघाली, अभिनंदन. आता वय. अंग भरलं, पिसं आली की ती मोठी दिसते. पहिलं अंडं मात्र नऊ-दहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर येतं. पहिल्या हंगामात अंडी थोडी आणि लहान. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती खरी अंड्यावर येते. नीट सांभाळला तर हंस वीस वर्षंही जगतो. मोटरसायकलचे हप्ते त्याआधी फिटतात, तेव्हा घाई नको.

मग महिना. कोंबडी बारमाही असते. हंस हंगामी आहे. थंड देशांत दिवस वाढू लागले की मादी अंड्यावर येते आणि उन्हाळा चढला की थांबते. राजुऱ्याला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. एवढ्याशा फरकावरून पक्ष्याने ऋतू ओळखायचा असतो. आपल्याकडे थंडीचे महिने आणि त्याला लागून होळीपर्यंतचे दिवस, हा काळ अपेक्षेचा. मे महिन्यात चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत टीव्हीवर झळकतं, पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, आणि नेमक्या त्या दिवसांत अंड्याची चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढते, कारण पोरांना सुट्ट्या असतात. अशा चौकशीकर्त्याला दुपारी दोन वाजता टिनाच्या शेडखाली अर्धा तास बसवावं. नंतर तो अंड्याविषयी बोलत नाही, पाणी मागतो.

अंडी संपली की पिसं झडतात. सांदवाडीभर पिसं दिसली की ‘रोग लागला’ असं पलीकडून जाहीर होतं. नव्या पिसांसाठी मादीची सगळी ताकद खर्च होते, अंड्याला काही उरत नाही. रोग नाही, कपडे बदलणं चालू आहे.

आता दिवा. ‘पोल्ट्रीवाले बल्ब लावतात, तुम्हीही लावा’ हे वहीत पहिल्या पानावर असेल. कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड दिला की ती अंडी देत राहते, हे खरं. हंसाचं शरीर वेगळं चालतं. उजेडाचे तास फार लांबले की हंगाम उलटला असा त्याचा समज होतो आणि चालू असलेली अंडीही बंद पडतात. म्हणजे रात्रभर एलईडी जाळणारा माणूस दरमहा बिल भरून स्वतःची अंडी थांबवत असतो. रस्त्यावरचा खांब कुंपणाला लागून असेल तर खुराड्याचं तोंड फिरवा. खांब हलवण्याचा अर्ज करू नका. हंगाम निघून जाईल.

पायरी चौथी : ती देते, पण तुम्हाला नाही

खरे अनुभवी इथूनच सुरुवात करतात.

तुम्ही खुराड्यात टोपलं ठेवलं, त्यात तणस पसरलं, वर जुनी साडी टाकली. मादीने ते सगळं बघितलं आणि ती पऱ्हाटीच्या ढिगामागे गेली. पऱ्हाटी, तुराट्या, विटांचा चट्टा, मोडकी बंडी, गेल्या वर्षीच्या कूलरचा सांगाडा : बाळंतपणासाठी तिची पसंती ही. तिथे ती छातीने दाबून खळगा करते, अंडं घालते, काडीकचऱ्याने झाकते आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पाण्यावर येते. साधारण दिवसाआड एक. दहा-बारा साठली की बसते. तुम्हाला हे कळतं ते चुलीला लाकडं काढायला ढिगाशी गेल्यावर, आणि ते ती स्वतः कळवते.

अंडं बहुधा पहाटे किंवा सकाळी येतं. म्हणून सर्वांत सोपी युक्ती अशी, की मादीला रात्री आत कोंडायचं आणि सकाळी नऊ वाजल्याशिवाय सोडायचं नाही. आत अंडं मिळालं तर चौकशी संपली. ती सुटल्याबरोबर एकाच दिशेने लगबगीने निघाली तर तिचा खळगा बाहेर आहे. मागे जा, पण लांबून. तुम्ही बघताय हे कळलं की ती थांबते, गवत खायला लागते, एका डोळ्याने तुमच्यावर लक्ष ठेवते आणि तुम्ही चहाला जाईपर्यंत गवतच खाते. चहा खिडकीत घेऊन बसणारे यशस्वी होतात.

इथे एक सूचना थट्टेत घेऊ नका. घर गावाच्या कडेला, नाल्यालगत किंवा झुडपी जंगलाला लागून असेल तर अंधारात, एकट्याने, हंसाच्या मागे जायचं नाही. राजुरा वनक्षेत्रात माणसं मारणारा ‘आरटी-वन’ वाघ ऑक्टोबर २०२०मध्ये जेरबंद झाला. तो मोकळा होता तेव्हा सकाळी शेताकडे निघायला किती जीव गोळा करावा लागायचा, हे इथे कोणाला सांगायला नको. बिबट्याला तर परसातला पक्षी आयता मिळतो. खाली वाकून खळग्यात हात घालणारा माणूस त्या जनावराला माणूस वाटत नाही. अंडं दीडशे ग्रॅमचं असतं. ऊन वर येईस्तोवर थांबावं.

खळगा सापडला पण रिकामा असेल, तर संशयितांची यादी करा. कवचाचे तुकडे आणि सांडलेला बलक असेल तर मुंगूस, कुत्रा किंवा कावळा. कवचही नाही, बलकही नाही, सगळं स्वच्छ असेल तर घोरपड किंवा शेजारचं पोरगं. घोरपडीला हात लावू नका, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. पोराला हात लावायचा का, हे त्याच्या आईशी तुमच्या घरचे संबंध कसे आहेत त्यावर ठरवा. अंडीखाऊ नावाचा एक दुर्मीळ साप विदर्भात आढळतो आणि ते नाव ऐकून लोक लगेच त्याच्यावर आळ घेतात. तो बिचारा सडपातळ, चिमण्या-पाखरांची इवलीशी अंडी गिळणारा. हंसाचं अंडं गिळायला त्याला दुसऱ्या योनीत जन्म घ्यावा लागेल.

बाहेरचे सगळे निर्दोष सुटले तर घरात या. हंसाच्या एका अंड्यात कोंबडीची तीन बसतात. आज्जी दिवसाआड सकाळी लवकर उठते, स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि त्या दिवशी भुर्जी जरा जास्तच पिवळी असते, एवढा पुरावा पुरेसा समजावा.

खळग्यातली अंडी उचलताना एक मागे ठेवा. सगळी नेलीत तर मादी जागा बदलते आणि तुम्ही पुन्हा खिडकीत. सगळी ठेवलीत तर ती उबवायला बसते, आणि बसली की देणं बंद.

पायरी पाचवी : ताटात काय पडतं

गवत खाणाऱ्या पक्ष्याला आपण काय घालतो? रात्रीचा भात, सकाळचा भात, तेरवीच्या जेवणातला उरलेला भात. हंस तो आवडीने खातो, गोल होतो, चालताना पोट जमिनीला लागतं, आणि बघणारे म्हणतात, ‘आता देणार बरं का, पोटात अंडे आहेत.’ पोटात चरबी आहे. लठ्ठ मादी अंड्यावर येत नाही. भात कमी करा, चरायला सोडा, मेथी-पालकाची देठं टाका, हंगामात कोंबड्यांचं लेयर खाद्य थोडं सुरू करा.

कापसाच्या मुलखात सरकीच्या ढेपेची शिफारस टळत नाही. म्हशीला ती चालते म्हणून पक्ष्याला चालत नाही. सरकीतलं गॉसिपॉल रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात बरंचसं निकामी होतं. पक्ष्याला ते बाधतं, अंडी घटतात आणि बलक हिरवट पडतो. कच्चं सोयाबीनही नको. आणि बुरशी धरलेला मका किंवा भाकर ‘हंसाला टाका’ म्हणणाऱ्याला ती स्वतः खायला सांगा. बुरशीचं विष पाणपक्ष्यांना फार लवकर लागतं.

कवचाला कॅल्शियम लागतं. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, जिकडे बघावं तिकडे चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत, देशभर इथला दगड दळून जातो, आणि इथल्याच मादीचं अंडं कवचाअभावी पिचकं निघतं. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची कवचं वेगळ्या वाटीत ठेवा. हवं तेवढं ती खाते. सिमेंट नको. हे लिहावं लागतंय, कारण कोणीतरी विचारतंच.

पाणी एवढं खोल हवं, की डोकं पूर्ण बुडवून डोळे-नाकपुड्या धुता आल्या पाहिजेत. जुना टप चालतो. तलाव खणायची गरज नाही.

पायरी सहावी : जागा

राजुरा तालुका आधी निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली नांदेडला जोडला, १९५९ साली चांद्याला. तीन वर्षांत तीन जिल्हे झाले, आणि लोकांनी त्याही वर्षांत कापूस-ज्वारी पिकवली. हंसाकडून ही लवचीकता अपेक्षू नका. बल्लारपुराहून पूल ओलांडून राजुऱ्यात आणलं एवढ्यावरून तो रुसतो आणि त्या हंगामात अंडं देत नाही. कळप बदलला, खुराडं बदललं, नवा कुत्रा आला, शेजारी वरातीचा डीजे वाजला, ही सगळी कारणं पुरतात. सास्ती-गोवरीच्या खाणींत सुरुंग उडून भांडी हलतात, त्याला तो एकदा ओरडतो आणि पुन्हा चरायला लागतो. खाणीला वेळापत्रक असतं, वरातीला नसतं.

लिंबू-मिरची बांधा, पायात काळा दोरा घाला, हेही वहीत असेल. दोरा घालायला हंस धरावा लागतो, हे लक्षात घेऊन निर्णय घ्यावा. शर्ट एकच जुना आहे.

मध्येच, एक गंभीर गोष्ट

चालू असलेली अंडी एकदम थांबली, पक्षी मलूल पडले, डोकं सुजलं, माना वाकड्या झाल्या किंवा एकामागून एक मरू लागले, तर ही मार्गदर्शिका मिटून ठेवा आणि पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेला पक्षी नाल्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका. बर्ड फ्लू २००६ साली नवापूरला आला तेव्हा लांबची गोष्ट वाटली होती. जानेवारी २०२५मध्ये तो याच जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यात निघाला, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. ज्या रोगाने वाघ पडतो, त्याच्यावर हळद-तेलाचा प्रयोग करू नये.

अंडं मिळालं तर

आधी आनंद आवरा आणि ते धुवायला नळाखाली धरू नका. खायचं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. उकडायला कोंबडीच्या अंड्याहून बराच जास्त वेळ लागतो. एवढा एकच बलक बघून पोरं गप्प होतात, आणि एकच अंडं तिघांत वाटायचं असल्यामुळे लगेच बोलूही लागतात.

उबवायचं ठरलं असेल तर घराची व्यवस्था आधी लावा. मादी सुमारे तीस दिवस बसते आणि तेवढे दिवस नर खळग्याभोवती पहारा देतो. त्या महिन्यात ती जागा तुमची नसते. संडास मागच्या बाजूला असेल तर जाण्या-येण्यासाठी एकाने केरसुणी घेऊन पुढे चालावं. गॅस सिलिंडरवाल्याला पुढच्या दाराने यायला सांगावं. आणि कपडे वाळत घालायला समोरच्यांच्या गच्चीची परवानगी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावी, कारण दुसऱ्या आठवड्यापासून ते तुमच्याशी बोलत नसतील.